अभेद्य देहांची झुंज

शल्यपर्वातले गदायुद्ध शिकवताना वर्गात एक उत्तर हमखास ऐकू येते. भीमाने दुर्योधनाच्या मांडीवरच गदा का मारली, असे विचारले की विद्यार्थी सांगतात : गांधारीने डोळ्यांवरची पट्टी काढून मुलाकडे पाहिले, त्याचे सारे अंग वज्राचे झाले, लाजेने झाकलेली मांडी तेवढी कच्ची राहिली. ही कथा घरोघरी ठाऊक आहे, पण व्यासांच्या ग्रंथात ती नाही. तेथे मांडीचा संबंध द्यूतसभेतील भीमाच्या प्रतिज्ञेशी आहे. दुर्योधनाचा वरचा देह वज्राचा आणि खालचा फुलांचा असल्याचे वनपर्वात दानव त्याला सांगतात खरे. परंतु गांधारीची दृष्टी ही मागाहून आलेल्या कथेकऱ्यांची भर. अकिलीझचेही तसेच. होमरच्या इलियडमध्ये तो अभेद्य नाही, त्यामुळे त्याच्या टाचेचाही प्रश्न येत नाही. आईने स्टिक्स नदीत बुडवलेल्या बाळाची कथा आपल्याला मिळते ती स्टेशियस या रोमन कवीकडून, पहिल्या शतकात, म्हणजे होमरनंतर कित्येक शतकांनी. आणि क्रिप्टोनाइट? १९३८ साली चित्रकथेत अवतरलेल्या सुपरमॅनला तो खनिजपदार्थ ठाऊकच नव्हता. १९४३ साली तो प्रथम रेडिओवरील मालिकेत आला आणि चित्रकथेच्या पानांवर पोचायला त्याला १९४९ साल उजाडावे लागले.

तीन वेगळे काळ, तीन वेगळी माध्यमे, आणि दुरुस्ती मात्र एकच. अभेद्य नायक निर्माण झाला की ऐकणारा आधी थक्क होतो आणि मग हळूहळू जांभया देऊ लागतो. तेव्हा कथेकरी त्या वज्रदेहावर एखादी कच्ची जागा शोधायला निघतो. सुपरहिरोंच्या चित्रपटांतील मारामारीचा ऐंशीहून अधिक वर्षांचा इतिहास आम्हांला या शोधाचाच इतिहास वाटतो. ज्याला इजा होत नाही त्याची झुंज कशासाठी पाहायची, हा तो प्रश्न. ज्या दिग्दर्शकांनी तो स्वतःला विचारला त्यांची दृश्ये आजही उभी आहेत. ज्यांनी तो टाळला त्यांच्या दृश्यांत इमारती कोसळतात आणि प्रेक्षक घड्याळ पाहतो.

असल्या विषयाकडे साहित्याच्या अभ्यासकांनी वळावे का, अशी शंका कोणी घेईल. भरतमुनींनी युद्ध, मरण, नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत असे म्हटले आहे, हे आम्ही जाणतो. पण त्याच नाट्यशास्त्रात रंगमंचावर शस्त्रे कशी चालवावीत याचे चार 'न्याय' सांगितलेले आहेत, आणि प्रहार खरा करू नये, तो अभिनयाने सुचवावा असेही बजावलेले आहे. म्हणजे मारामारी ही अर्थ सांगण्याची एक रीत आहे हे आपल्या परंपरेला मान्य होते. रोलां बार्थ यांनी १९५७ च्या 'मिथॉलॉजीज'चा आरंभ व्यावसायिक कुस्तीवरील निबंधाने केला तोही याच जाणिवेतून. आखाड्यातील प्रत्येक पकड तत्क्षणी वाचता आली पाहिजे, हे त्यांचे निरीक्षण आहे. आपल्याकडच्या कुस्तीच्या मैदानात बसलेल्या म्हाताऱ्या शौकिनाला ते नव्याने सांगावे लागणार नाही. धोबीपछाड बसण्याआधीच तो उठून उभा राहिलेला असतो. कोणाचा पाय कोठे अडकला आहे हे त्याला दिसत असते.

इतिहासाकडे वळू. आरंभ अमेरिकेतून करण्याचा प्रघात आहे, परंतु मुखवटा चढवून दुष्टांना झोडपणारी एक नायिका सुपरमॅनच्या जन्माआधीच मुंबईत अवतरली होती. वाडिया मूव्हीटोनचा 'हंटरवाली' १९३५ चा. त्यातील नादिया, म्हणजे ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या मेरी इव्हान्स, पुढच्याच वर्षीच्या 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये धावत्या आगगाडीच्या टपावर पुरुषांशी लढल्या. त्यांच्याकडे कोणतीही दैवी शक्ती नव्हती, म्हणूनच त्या दृश्यांपुढे आमचा प्रश्न उभा राहत नाही. टपावर खरोखरच एक बाई उभी आहे आणि तोल गेला तर ती खरोखरच पडेल, हे प्रेक्षक जाणत होता. धोका सिद्ध करण्यासाठी आणखी काही करावे लागत नव्हते.

खरी अडचण १९४१ साली उभी राहिली. रिपब्लिक कंपनीने 'ॲडव्हेंचर्स ऑफ कॅप्टन मार्व्हल' हा बारा भागांचा मालिकापट काढला. दिग्दर्शक विल्यम विट्नी आणि जॉन इंग्लिश. मारामारीच्या चित्रीकरणात विट्नी यांनी केलेला बदल फार महत्त्वाचा आहे. त्याआधीची पद्धत अशी की कॅमेरा लांब ठेवायचा, स्टंटवाल्यांना एकमेकांवर सोडायचे आणि दमेपर्यंत झोंबू द्यायचे. विट्नी यांनी बस्बी बर्कली या नृत्यदिग्दर्शकाला गाण्याचे चित्रीकरण तुकड्यातुकड्यांनी करताना पाहिले आणि मारामारीही तशीच बांधायला घेतली : एक ठोसा, एक कोलांटी, एक मोडलेली खुर्ची, प्रत्येकाची वेगळी चौकट. पडद्यावरच्या मारामारीची आधुनिक बांधणी अशी नाचाच्या तालमीतून आली आहे. हे लक्षात ठेवले तर पुढचे बरेच काही उलगडते.

त्या मालिकापटात टॉम टायलर हे नायक दिसतात, उड्या आणि कोलांट्या मारतात ते डेव्ह शार्प, आणि आकाशात उडतो तो लायडेकर बंधूंनी तारेवरून सोडलेला पुतळा. उड्डाण आजही सुंदर दिसते. मारामारी मात्र चमत्कारिक आहे. गोळ्या कॅप्टन मार्व्हलच्या छातीवर आपटून खाली पडतात, तो मंद हसत पुढे येतो आणि गुंडांना फेकून देतो. पहिल्याच भागात तो पळणाऱ्या शत्रूंवर मशीनगन चालवतो. आज ते पाहताना अंगावर काटा येतो, कारण ज्याला मरणाचे भय नाही त्याच्या हाती हत्यार आले की त्याला शौर्य म्हणता येत नाही, कत्तल म्हणावे लागते. मालिकापटाने यावर शोधलेला तोडगा साधा होता. खरा धोका बिली बॅट्सन या पोरसवदा निवेदकाला. मंत्राचा शब्द उच्चारण्याआधी त्याच्या तोंडात बोळा कोंबला की झाले! प्रत्येक भागाच्या शेवटी टांगणीला लागतो तो बिली किंवा त्याचे मित्र. अभेद्य देहाशेजारी एक भेद्य देह ठेवायचा, ही युक्ती तेव्हापासून चालत आली आहे.

१९६६ च्या 'बॅटमॅन'ने प्रश्न हसण्यावारी नेला. ठोसा बसला की पडद्यावर रंगीत अक्षरांत 'पॉव' उमटे. दूरदर्शन मालिकेत आणि त्याच वर्षीच्या चित्रपटातही, पाणबुडीवरच्या अखेरच्या हाणामारीत, हाच प्रकार आहे. याला पोरकटपणा म्हणण्याची रीत आहे. आम्हांला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. चित्रकथेत ठोशाचा आवाज अक्षरांत लिहावा लागतो आणि ते लिहिणे म्हणजेच ठोसा, हे त्या मंडळींना कळले होते. देह दुखत नाही ना, मग दुखल्याचा आव तरी कशाला? अर्थात असा विनोद एकदाच करता येतो.

रिचर्ड डॉनर यांनी १९७८ च्या 'सुपरमॅन'मध्ये याहून धाडसी निर्णय घेतला. या चित्रपटात नायकाची प्रतिस्पर्ध्याशी म्हणावी अशी एकही मारामारी नाही. लेक्स ल्यूथर हा बुद्धीचा शत्रू आहे. सुपरमॅन पडणारे हेलिकॉप्टर झेलतो, खचलेल्या रुळांच्या जागी स्वतः आडवा होतो. त्याच्या शक्तीचे माप त्याने काय वाचवले यावरून ठरते, कोणाला लोळवले यावरून नाही. पुढे या प्रकारच्या चित्रपटांनी ही वाट जवळजवळ सोडून दिली, याचे आम्हांला वाईट वाटते.

१९८० च्या 'सुपरमॅन २'मध्ये मात्र तुल्यबळ शत्रू आणणे भाग पडले आणि क्रिप्टॉनचे तीन कैदी मेट्रोपोलिसवर उतरले. रस्त्यावरच्या त्या लढाईत बस फेकल्या जातात, माणसे वाऱ्याने उडतात, दिग्दर्शक म्हणून ज्यांचे नाव लागले ते रिचर्ड लेस्टर मध्येच विनोदही पेरतात, आणि तो अस्थानी वाटतो. तरी लढाईचा कणा शाबूत आहे. या माणसाला सामान्य लोकांची काळजी आहे हे शत्रूंच्या ध्यानात येते, आणि त्या क्षणी सुपरमॅनची कच्ची जागा त्याच्या देहातून निघून रस्त्यावरच्या गर्दीत जाते. तो लढाई सोडून निघून जातो. लोकांना वाटते, पळाला. परंतु त्या चित्रपटातील आमच्या लेखी सर्वांत परिणामकारक मारामारी ही नव्हेच. शक्ती सोडून दिलेला क्लार्क केंट एका साध्या खाणावळीत बसलेला असतो, एक उर्मट ट्रकवाला कुरापत काढतो आणि त्याला बदडून काढतो. क्लार्कच्या तोंडातून रक्त येते. तो ते बोटांवर घेऊन पाहतो. आपल्याला रक्त आहे हे त्याला त्या वेळी प्रथम कळते. दोन-तीन ठोशांचा ऐवज, एक फुटलेली काच, बस्स. सारे मेट्रोपोलिस उद्ध्वस्त करून जे साधत नाही ते येथे साधते.

टिम बर्टन यांच्या १९८९ च्या 'बॅटमॅन'बद्दल थोडक्यात. त्यातील रबरी पोशाखात मायकेल कीटन यांना मानच वळवता येत नसे. वळायचे तर सारे धड फिरवावे लागे. मारामारी जड आणि तुटक झाली, पण बर्टन यांनी सावल्या आणि आकृती यांवर निभावून नेले. गंमत म्हणजे २००८ च्या 'द डार्क नाइट'मध्ये ब्रूस वेन आपल्या तंत्रज्ञाकडे मान वळवता येईल असा पोशाख मागतो.

पुढचा मोठा धडा हाँगकाँगकडून आला. १९९८ च्या 'ब्लेड'मध्ये वेस्ली स्नाइप्स यांनी स्वतःचे युद्धकौशल्य आणले. १९९९ च्या 'द मेट्रिक्स'साठी युएन वू-पिंग यांनी नटांकडून महिनोन्महिने तालीम करून घेतली, आणि २००० च्या 'एक्स-मेन'ची मारामारी कोरी युएन यांनी बसवली. हाँगकाँगच्या मारामारीचे व्याकरण डेव्हिड बॉर्डवेल यांनी 'प्लॅनेट हाँगकाँग' या ग्रंथात उलगडले आहे : क्षणभर स्तब्धता, मग हालचालींचा स्फोट, मग पुन्हा स्तब्धता. देह डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत दिसतो आणि डोळ्याला श्वास घ्यायला जागा मिळते. तबल्याची संगत ऐकणाऱ्याला हे सहज कळेल. सम कोठे आहे हे ठाऊक नसेल तर नुसती द्रुत लय म्हणजे गोंगाट. 'एक्स-मेन'ने या व्याकरणात एक बारीकशी भर घातली. वुल्व्हरिनच्या जखमा आपोआप भरतात, तेव्हा त्याला भय कसले? पण त्याच्या बोटांतून पाती बाहेर येताना दुखते का, असे रोग ही मुलगी त्याला विचारते, आणि तो सांगतो की दर वेळी दुखते. त्या एका उत्तराने पुढच्या साऱ्या चित्रपटांतील त्याचा प्रत्येक वार आधी त्याच्या स्वतःच्या हातावर होतो.

येथे थोडे रेंगाळण्याची परवानगी असावी, कारण सॅम रेमी यांच्या २००४ च्या 'स्पायडर-मॅन २'मधील आगगाडीवरची झुंज आम्हांला या साऱ्या परंपरेचे शिखर वाटते. छायाचित्रणकार बिल पोप, 'द मेट्रिक्स'चेच. झुंज सुरू होते मनोऱ्यावरच्या घड्याळापाशी आणि दोघे खालून जाणाऱ्या उन्नत रेल्वेच्या टपावर कोसळतात. (असली उन्नत गाडी मॅनहॅटनच्या त्या भागात धावत नाही, दृश्यासाठी शिकागोची रेल्वे कामी आली. असो.) नीट पाहिले तर पुढच्या काही मिनिटांत जागा चार-पाचदा बदलते : टप, डब्याची बाजू, डब्याचे पोट, पुन्हा टप, शेवटी गाडीचे नाक. एकदाही आपण हरवत नाही, कारण गाडी एकाच दिशेने धावते आणि ती दिशा हाच साऱ्या दृश्याचा कणा आहे. डॉक्टर ऑक्टोपसच्या चार भुजा आणि स्पायडर-मॅनचे जाळे यांचा स्वभाव वेगळा आहे : भुजा पकडतात, भोसकतात, आधार घेतात, जाळे फेकले जाते, ताणले जाते, झेलते. शत्रूला हे कळताच तो प्रवाशांना उचलून दोन्ही बाजूंना बाहेर भिरकावतो. आता नायकाला मारामारी थांबवून झेलाझेल करावी लागते. मग ऑक्टोपस गाडीचा वेग वाढवतो, कळ मोडून टाकतो आणि चक्क निघून जातो.

म्हणजे द्वंद्व येथे संपले! प्रतिस्पर्धी उरला नाही, आणि दृश्याचा खरा भाग मात्र आता सुरू होतो. स्पायडर-मॅन आधी रुळांवर पाय टेकून पाहतो, ते फसते. हा फसलेला प्रयत्न फार मोलाचा. नायकाची शक्ती कोठे संपते हे आपल्याला त्याने दाखवले. मग दोन्ही बाजूंच्या इमारतींना जाळी चिकटवून तो गाडी अंगावर ओढून धरतो. मुखवटा आधीच गेलेला, कापड फाटत जाते, चेहरा पिळवटतो, तोंडून किंकाळी निघते. गाडी थांबते आणि तो पुढे कलंडतो. तेव्हा आतून अनेक हात येऊन त्याला धरतात, डोक्यांवरून अलगद आत नेतात, खाली निजवतात. कोणीतरी म्हणतो की हा तर पोरगाच आहे, माझ्या मुलाएवढा. चित्रपट ज्या प्रश्नाभोवती फिरतो (इतरांसाठी जगताना या मुलाला स्वतःचे काय उरते) त्याचे उत्तर संवादात नाही, त्या हातांमध्ये आहे. लगेच ऑक्टोपस परततो आणि तेच प्रवासी त्याच्या वाटेत उभे राहतात. तो त्यांना सहज बाजूला सारतो, पण ते उभे राहिले होते. शिल्पी ज्याप्रमाणे भार कोठे टेकायचा हे आधी ठरवतो, त्याप्रमाणे रेमी यांनी येथे सारा भार पराक्रमानंतरच्या थकव्यावर टेकवला आहे.

याच सुमारास दुसरी एक प्रवृत्ती बळावत होती. २००५ च्या 'बॅटमॅन बिगिन्स'मध्ये क्रिस्तोफर नोलन यांनी कॅमेरा इतका जवळ नेला आणि कापाकापी इतकी जलद केली की कोण कोणाला मारतो ते कळेना. गोदीतल्या पहिल्या हल्ल्यात हे चपखल आहे, कारण तेथे आपण गुंडांच्या जागी आहोत. अंधारातून काहीतरी येते आणि एकेक माणूस गडप होतो. पण पुढे जेव्हा आपण बॅटमॅनच्या बाजूला असतो तेव्हाही तीच पद्धत चालू राहते. भीतीसाठी शोधलेली शैली मग नुसती सवय होते. नोलन यांच्याविषयी आम्हांला आदर आहे, परंतु त्यांच्या चित्रपटांतली चौकशीच्या खोलीतली बोलाचाली त्यांच्या बहुतेक हाणामाऱ्यांपेक्षा अधिक जोरकस आहे, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे.

आता झॅक स्नायडर यांचा २०१३ चा 'मॅन ऑफ स्टील'. दोन अभेद्य देह एकमेकांना इमारतींतून आरपार फेकतात आणि पुन्हा उठतात. तंत्र थोर आहे, संगणकनिर्मित शहर बारकाईने मोडते. पण एखाद्या ठोशाने काही बदलले का? पहिल्या ठोशाआधी दोघे जसे होते तसेच विसाव्या ठोशानंतर आहेत. मोडणाऱ्या इमारतींत माणसे असणार, परंतु कथेला त्यांची आठवण नाही. आणि ती अगदी शेवटी येते, जेव्हा झॉडच्या डोळ्यांतील आग एका कुटुंबाकडे सरकू लागते आणि सुपरमॅन त्याची मान मोडतो. त्या काही सेकंदांत दृश्य जिवंत होते. पण ज्याने आधी अख्खे शहर विसरले त्याची ही वेदना उसनी वाटते, आणि चित्रपटावर त्या वेळी झालेल्या टीकेचा रोख बऱ्याच अंशी हाच होता. याचा पुरावा स्नायडर यांनीच पुढे दिला. २०१६ च्या 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'च्या आरंभी तीच लढाई पुन्हा येते, या वेळी जमिनीवरून. ब्रूस वेन धुळीच्या लोटात धावतो आहे, वर कोठेतरी दोन ठिपके झुंजताहेत, आणि कोसळणाऱ्या इमारतीत त्याची माणसे आहेत. तीच घटना, तोच विध्वंस, दिग्दर्शकही तोच. कॅमेरा भेद्य देहापाशी नेताच तिला अर्थ आला. साहित्याच्या वर्गात दृष्टिकोन ही संकल्पना शिकवायची असेल तर ही दोन दृश्ये शेजारी ठेवावीत, असे आम्ही सुचवू.

मोठ्या विध्वंसाशिवायही काम होते हे 'कॅप्टन अमेरिका : द विंटर सोल्जर'ने २०१४ साली दाखवले. काचेची लिफ्ट, एकेका मजल्यावर माणसे आत येतात, एकाच्या कपाळावर घाम आहे. नायक जाणतो, आपणही जाणतो, आणि पहिला ठोसा पडण्याआधीच आपली मूठ आवळलेली असते. चुंबकी बेडीने त्याचा हात भिंतीला खेचला जातो. बलाढ्य माणसाला अरुंद खोलीत कोंडून त्याचा एक हात अडकवायचा, एवढीच कल्पना.

मग अपयश इतके वारंवार का? एक कारण आम्हांला कामाच्या वाटणीत दिसते. मोठ्या कंपन्यांत साहसदृश्यांचा संगणकी आराखडा पुष्कळदा स्वतंत्र पथके करतात, चित्रीकरण दुसरे पथक करते, आणि दिग्दर्शकाच्या वाट्याला उरतात त्या भावना. अर्जेंटिनाच्या दिग्दर्शिका लुक्रेसिया मार्तेल २०१८ च्या मुंबई चित्रपट महोत्सवासाठी आल्या असताना त्यांनी एक अनुभव सांगितला होता. 'ब्लॅक विडो'च्या संदर्भात मार्व्हलने त्यांच्याशी बोलणे केले, आणि साहसदृश्यांची चिंता करू नका, ते आम्ही पाहून घेऊ, असे त्यांना सांगितले. मार्तेल यांना ते रुचले नाही. तो चित्रपट अखेर केट शॉर्टलँड यांनी केला. कादंबरीकाराला कोणी म्हणावे की माणसे तुम्ही लिहा, त्यांचे मरण आमच्याकडे छापील तयार आहे, तसलाच हा प्रकार.

ही फट एकाच चित्रपटात उघडी पडल्याची दोन उदाहरणे आहेत. पॅटी जेन्किन्स यांच्या २०१७ च्या 'वंडर वुमन'मध्ये पहिल्या महायुद्धातील खंदकातून डायना एकटीच वर चढते आणि दोन सैन्यांमधल्या ओसाड पट्ट्यातून चालू लागते. निर्मितीच्या वेळी अनेकांना या दृश्याची शंका होती, कारण समोर नाव असलेला शत्रूच नाही, असे जेन्किन्स यांनी पुढे सांगितले. पण तिथेच ती राजकन्येची योद्धा होते. गोळ्यांच्या माऱ्याखाली ढालीमागे गुडघ्यावर बसलेली डायना पुढे सरकू शकत नाही. मात्र सारा मारा तिने स्वतःवर घेतल्यामुळे मागचे सैनिक पुढे जाऊ शकतात. अभेद्य असण्याचा याहून चांगला उपयोग कोणता? याच चित्रपटाच्या शेवटी एरिस या देवाशी विजांचा आणि लोखंडाचा जो खेळ होतो तो मात्र कोणत्याही चित्रपटाचा असू शकतो. मूळचा शेवट लहान होता, कंपनीने तो बदलायला लावला, हेही जेन्किन्स यांनी सांगितले आहे.

दुसरे उदाहरण रायन कूगलर यांच्या २०१८ च्या 'ब्लॅक पँथर'चे. धबधब्याच्या काठावर राजपदासाठी द्वंद्व होते. त्याआधी टी'चाला याला एक पेय पाजून त्याची शक्ती काढून घेतात. कथेने विधी म्हणून मांडलेली ही गोष्ट खरे तर कथेकऱ्याची जुनी युक्ती आहे, पण किती डौलाने वापरलेली! पाण्यात पाय घसरतात, कडेला भाले रोखलेले योद्धे रिंगण लहान करत जातात, वर कड्यांवर आप्तस्वकीय उभे आहेत. किलमाँगर येथेच त्याला हरवतो आणि कड्यावरून फेकतो, आणि पाहणाऱ्यांना काही करता येत नाही, कारण कायदा त्यांचाच आहे. गदायुद्धाच्या वेळी कडेला उभ्या असलेल्या बलरामाची आठवण व्हावी असे हे दृश्य. चित्रपटाच्या शेवटी हेच दोघे खाणीतल्या बोगद्यात पुन्हा भिडतात. कागदावर तेथेही युक्ती आहे : गाडी जवळून गेली की दोघांचे कवच निकामी होते. पण पडद्यावर दोन काळ्या संगणकनिर्मित आकृती वजन नसल्यासारख्या तरंगतात. कच्ची जागा लिहिली गेली, तिला देह मिळाला नाही. मग मुखवटे उतरतात, दोघे माणसे होतात, किलमाँगर मावळता सूर्य पाहतो आणि चित्रपट पुन्हा सावरतो.

२०२१ च्या 'शांग-ची'तही हेच. सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारावरून ब्रेक तुटलेली बस धावते आहे आणि आत मारामारी चालू आहे. ही रेमी यांच्या गाडीची थेट वारसदार. जॅकी चॅन यांच्या स्टंटपथकात घडलेले ब्रॅड ॲलन या चित्रपटाचे साहसदिग्दर्शक होते. चित्रपट येण्याआधी काही आठवडे ते वारले आणि चित्रपट त्यांना अर्पण केलेला आहे. शेवटी ड्रॅगन येतात. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

जाता जाता नाशिक जिल्ह्यातील मालेगावचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. तेथे शेख नासिर आणि त्यांच्या मित्रांनी स्वतःचा सुपरमॅन तयार केला, आणि त्या खटपटीवरचा फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ चा. रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा कथापट २०२५ साली चित्रपटगृहांत लागला, त्यामुळे ही कहाणी आता अनेकांना ठाऊक झाली आहे. नायक झाला होता यंत्रमागावर काम करणारा शफीक, कृश, वाऱ्याने उडेल असा. पुढे कर्करोगाने तो गेला. हिरव्या कापडासमोर त्याला आडवा तोलून उडवण्यासाठी मित्रांनी केलेली धडपड माहितीपटात दिसते, एकदा तर कॅमेराच पाण्यात पडतो. त्यानंतर पडद्यावर शफीक उडू लागला की आपले लक्ष त्याच्या मनगटांकडे जाते, आणि हा पडणार तर नाही ना, असे वाटत राहते.